वॉर्डातला हिशेब : लस आणि रुग्णाचे घरी परतणे

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी विद्वज्जनांनी तत्त्वार्थसूत्रावर आणि जैन शिल्पकलेवर अभ्यासपूर्ण विवेचन केले. त्यांच्या पाठोपाठ एका कापड दुकानदाराने लसीकरणासारख्या वैद्यकीय विषयावर बोलायला उभे राहावे, हे आपल्यापैकी कित्येकांना विचित्र वाटेल. मलाही वाटले. मी डॉक्टर नाही. बी.कॉम.ला संख्याशास्त्राचा एक पेपर होता आणि त्यानंतरची चाळीस वर्षे तागे मोजण्यात व खतावणी लिहिण्यात गेली, एवढीच माझी पात्रता. परंतु आज जो विषय मी मांडणार आहे तो औषधापेक्षा हिशेबाचा अधिक आहे. आणि त्या हिशेबात मी स्वतः एकदा चुकलो आहे. ती चूक या सभागृहात बोलून दाखवावी, असे गेली काही वर्षे मनात होते. अध्यक्ष महोदयांनी संधी दिली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आपणांस स्मरत असेल, १६ जानेवारी २०२१ रोजी आपल्या देशात कोरोनाच्या लसीकरणास प्रारंभ झाला. १ मार्चपासून साठीच्या वरील ज्येष्ठांना लस मिळू लागली. आमच्या वहिनींनी महिला मंडळातील भगिनींबरोबर जाऊन दोन्ही डोस वेळेवर घेतले. आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू, त्यांनी मात्र घेतले नाहीत. वय एकाहत्तर, मधुमेह वीस वर्षांचा. त्या जूनमध्ये, लसीत वासराच्या रक्तातील द्रव वापरतात अशी वार्ता सर्वत्र पसरली होती. अण्णा व्रतस्थ वृत्तीचे. रात्री पाणीही न घेणारे. त्यांचे मन मागे सरले.

ऑगस्ट महिना आला. दुसरी लाट आपल्या भागात ओसरत होती, तरी परिचयाची काही मंडळी अद्याप दवाखान्यात होती. एके दिवशी दुकानाच्या गादीवर बसून मी एका कोऱ्या पावतीच्या पाठीमागे त्यांची नावे लिहिली आणि ज्यांनी लस घेतली होती त्यांच्यापुढे खूण केली. खुणा निम्म्याहून अधिक नावांपुढे झाल्या. तो कागद मी अण्णांपुढे ठेवला आणि म्हणालो, "अण्णा, लस घेतलेलेच जास्त आहेत हो आत. तुम्ही घाई करू नका." अण्णांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "तू हिशेबाचा पक्का. तू म्हणतोस म्हणजे तसंच असेल."

जानेवारी २०२२ मध्ये तिसरी लाट आली. अण्णा आणि वहिनी एकाच घरात, एकाच आठवड्यात आजारी पडले. दोघांनाही एकाच दवाखान्यात दाखल करावे लागले. वहिनींनाही मधुमेह होता. त्या सहाव्या दिवशी घरी आल्या. अण्णा सतरा दिवस होते. ते आले नाहीत.

एका घरात घडलेल्या घटनेवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मी जाणतो. अण्णांचे वय तीन वर्षांनी जास्त होते, प्रकृती वेगळी होती. लस घेतली असती तर ते निश्चित वाचले असते असे कोणीही सांगू शकत नाही, आणि तसे मी म्हणत नाही. परंतु माझा तो कागद बरोबर होता की चूक, हे मात्र निश्चित सांगता येते. कागद चूक होता. का, ते सांगतो.

व्यवहारातलेच उदाहरण घेऊ. समजा, दिवाळीच्या हंगामानंतर दोन गिरण्यांचा डागी माल दुकानात परत आला. एका गिरणीचे अकरा तागे, दुसरीचे वीस. नवा नोकर म्हणेल, पहिल्या गिरणीचा मालही काही खास नाही, परताव्यात एक तृतीयांशाहून अधिक वाटा तिचाच आहे. मुरलेला मुनीम आधी विचारील, कोणत्या गिरणीचा माल आपण घेतला होता किती? पहिलीचे एक लाख तागे आणि दुसरीचे सतरा हजार घेतले असतील, तर तोच परतावा वेगळे बोलू लागतो. माझ्या पावतीवर परतावा होता, खरेदी नव्हती. आपल्या समाजातील ज्येष्ठांपैकी बहुतेकांनी तोपर्यंत किमान एक डोस घेतला होता. साहजिकच दवाखान्यातही त्यांची संख्या दिसणार. सर्वांनीच लस घेतली असती तर दवाखान्यातील शंभरच्या शंभर रुग्ण लस घेतलेलेच निघाले असते. तेवढ्यावरून लस निरुपयोगी ठरली असती काय?

अकरा आणि वीस हे आकडे मी कल्पनेने घेतलेले नाहीत. तामिळनाडू पोलीस दलाची पाहणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चेन्नई येथील साथरोग संस्थेच्या साहाय्याने झाली. काळ १ फेब्रुवारी ते १४ मे २०२१, म्हणजे दुसऱ्या लाटेचा. एकूण १,१७,५२४ पोलीस. त्यांपैकी लस न घेतलेले १७,०५९. त्यांतील २० जण कोरोनाने दगावले. एक डोस घेतलेले ३२,७९२. त्यांतील ७ दगावले. दोन डोस घेतलेले ६७,६७३. त्यांतील ४ दगावले. केवळ मृतांची यादी वाचली तर एकतीस नावांपैकी अकरा लसवंतांची दिसतात. हजारी प्रमाण काढले म्हणजे लस न घेतलेल्यांत ते १.१७, एका डोसानंतर ०.२१ आणि दोन डोसांनंतर ०.०६ येते. माझ्या पावतीसारखीच ती यादी. फक्त तिच्याजवळ दुसरा रकाना होता.

आता कोणी म्हणेल, आणि ते रास्तच आहे, की ज्याला आजार झाला, दवाखान्यात खाटेवर पडावे लागले, त्याच्या बाबतीत लस हरलीच ना? मग त्यापुढे तिचा काय उपयोग? माझ्या दृष्टीने आजच्या विषयाचा गाभा हाच आहे, कारण वहिनी त्या खाटेवर होत्या आणि अण्णाही.

याचे उत्तर मला प्रथम मिळाले ते सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्लेगच्या इतिहासात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा, व्यापाऱ्यांचा भाग; आपल्या समाजातील कित्येक घराण्यांच्या पेढ्या तेथे होत्या. ऑक्टोबरात वॉल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी आपखुषीने टोचून घेतले. न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, ६ मरण पावले. टोचलेल्यांत दोघांना झाला, मृत्यू एकही नाही.

यावरही आक्षेप घेता येईल, की टोचून घेणारे मुळातच धडधाकट असतील. म्हणून १८९८ च्या फेब्रुवारीत वडोद्याजवळील उंडेरा या गावी जे केले गेले, ते मला अधिक मोलाचे वाटते. तेथे प्रत्येक कुटुंबातील निम्म्या माणसांना टोचले, निम्म्यांना नाही. तेच घर, तेच अन्न, तीच हवा, तेच उंदीर. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांत टोचलेली ७१ माणसे होती आणि न टोचलेली ६४. न टोचलेल्यांपैकी २७ आजारी पडली आणि त्या सत्तावीसातली २६ मेली. टोचलेल्यांपैकी ८ आजारी पडली; त्यांतली ३ मेली, ५ उठून बसली.

आजारी पडलेल्यांचेच प्रमाण पाहा. सत्तावीसातून एक वाचला. आठातून पाच वाचले. म्हणजे लसीने काही घरांचे दार बंद केले, आणि जेथे ते बंद झाले नाही तेथेही आत शिरलेल्या शत्रूचा जोर कमी केला. उंडेऱ्याचा हा हिशेब मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. एकाच घरातले टोचलेले आणि न टोचलेले! तो गाव मी पाहिलेला नाही, तरी ते घर माझ्या ओळखीचे होते.

कोरोनाच्या काळात हीच गोष्ट आधुनिक रुग्णालयांत दिसून आली. आपल्या देशात कोरोना रुग्णांची एक राष्ट्रीय नोंदणी ठेवण्यात आली होती. तिच्यातील ३७ रुग्णालयांतल्या १,५२० दाखल रुग्णांचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२२ च्या आरंभी वैद्यकीय संशोधन परिषदेने जाहीर केले. हे रुग्ण तिसऱ्या लाटेच्या सुमाराचे, म्हणजे आमच्या अण्णांच्याच दिवसांतले. दाखल झालेल्यांपैकी लस न घेतलेल्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा २१.८ होते, लस घेतलेल्यांत १०.२. कृत्रिम श्वासयंत्राची गरज न घेतलेल्यांत शेकडा ११.२ जणांना लागली, घेतलेल्यांत ५.४ जणांना. लस घेऊनही जे गेले, त्यांच्यापैकी दहांतील नऊ जणांना मधुमेह, रक्तदाब यांसारखी आधीची व्याधी होती. अमेरिकेत २१ रुग्णालयांतील १,१९७ कोरोना रुग्णांचा असाच अभ्यास २०२१ मध्ये झाला. तेथे अठ्ठावीस दिवसांच्या आत मृत्यू अथवा श्वासयंत्र ही वेळ लस न घेतलेल्या १,०५५ रुग्णांपैकी २६१ जणांवर आली, म्हणजे शेकडा २४.७, लस पूर्ण झालेल्या १४२ रुग्णांपैकी १७ जणांवर, म्हणजे शेकडा १२. देश वेगळा, लस वेगळी, औषधोपचार वेगळे. प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास निम्म्यावर आले.

आणखी एक बारकावा सांगतो, कारण तो माझ्या ध्यानात फार उशिरा आला. या निम्म्यामध्ये लसीचे सगळे काम धरलेले नाही. लसीमुळे जे दवाखान्यात आलेच नाहीत, घरी चार दिवस ताप काढून बरे झाले, ते या यादीत कोठे आहेत? ते नाहीतच. लस घेऊनही जे खाटेपर्यंत पोहोचले ते बहुधा अधिक वयाचे, अधिक दुर्बळ, ज्यांच्या शरीराला लसीचा पुरता लाभ घेता आला नाही असे. बळकट सूत चाळणीत वरच राहिले. खाली आले ते विरलेले. आणि त्या विरलेल्या सुतातही मृत्यूचे प्रमाण निम्मे!

हे कसे घडते, असे मी आपल्या दवाखान्यात येणाऱ्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी समजावले ते माझ्या शब्दांत सांगतो. लसीमुळे रक्तात जी प्रतिद्रव्ये तयार होतात ती काही महिन्यांत ओसरतात; विषाणूही रूप बदलतो. म्हणून नाकाघशात तो पुन्हा शिरू शकतो. परंतु शरीरात काही पेशी अशा राहतात की ज्यांना शत्रूची ओळख पटलेली असते. त्या जाग्या होण्यास दोन-चार दिवस घेतात. विषाणूला घशातून फुप्फुसात उतरून तेथे अनर्थ माजवण्यास साधारण त्याहून अधिक काळ लागतो. ज्याच्या शरीरात ही ओळख आधीची असते, तो ही शर्यत बहुधा जिंकतो. ज्याला ओळख तिथूनच करून घ्यायची असते, त्याला उशीर होतो. याचसाठी लस आधी घ्यावी लागते. दाखल झाल्यावर अण्णांनी डॉक्टरांना विचारले होते, "आता घेतली तर चालेल का?" हा प्रश्न आम्हा घरच्यांना वहिनींनी नंतर सांगितला.

आता अहिंसेच्या शंकेविषयी, कारण या सभागृहात तिला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. वासराच्या द्रवाची वार्ता निव्वळ खोटी नव्हती. कोव्हॅक्सिन तयार करताना ज्या पेशी वाढवतात त्यांच्या पोषणासाठी नवजात वासराच्या रक्तातील द्रव वापरतात. पुढे त्या पेशी धुतल्या जातात, त्यांवर वाढवलेला विषाणू निष्क्रिय व शुद्ध केला जातो आणि तयार लसीत तो द्रव राहत नाही, असा खुलासा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १६ जून २०२१ रोजी केला होता. तो वाचण्याचे कष्ट मी घेतले नाहीत. दुसरीही लस उपलब्ध होती. तिची चौकशी केली नाही. हाफकिनसाहेबांपुढेही हा प्रश्न होता. आपल्या लोकांच्या भावना जाणून त्यांनी गाय आणि डुक्कर टाळले व बोकडाच्या मांसाचा रस घेतला. त्यावर तुपाचे थेंब सोडून जंतू वाढवले. जैन श्रावकाला बोकड तरी कसा चालावा? तेव्हाच्या आपल्या पूर्वजांची घालमेल मी समजू शकतो.

परंतु मुनिमहाराजांच्या प्रवचनांतून आपण ऐकत आलो आहोत की हिंसा चार प्रकारची : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा सर्वथा वर्ज्य करावी. उरलेल्या तीन यत्नपूर्वक कमी कराव्यात. लसीमागे कोणत्याही जीवाला मारण्याचा संकल्प नसतो. ती कोणत्या प्रकारात बसवावी, हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही; ते विद्वानांनी सांगावे. मी फक्त माझ्या दुकानाचे सांगतो. वासराच्या द्रवाची चर्चा आम्ही दोघे भाऊ ज्या गादीवर बसून करत होतो, तिच्या मागच्या कपाटात रेशमी साड्या रचलेल्या होत्या. कोश उकळत्या पाण्यात टाकल्याविना ते रेशीम निघत नाही, हे कापडवाल्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्या कपाटाकडे आमचे लक्ष गेले नाही. सुईकडे गेले. ज्यांचे व्रत पूर्ण आहे त्या साधु-साध्वींविषयी मी बोलत नाही. त्यांच्यापाशी ओळखपत्र नसते म्हणून सरकारने मे २०२१ मध्ये त्यांच्यासाठी लसीकरणाची वेगळी व्यवस्था केली होती, घ्यावी की नाही हा त्यांचा प्रश्न. मी माझ्यासारख्या गृहस्थांविषयी बोलतो आहे.

लसीत दोष नाहीत असेही मी म्हणणार नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल येथे हाफकिनच्या लसीच्या एका बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने गेली. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले, आणि १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले. मात्र ती एकोणीस माणसे गेली ती गेलीच. आपल्या काळातही, कोव्हिशिल्ड ज्या मूळ लसीवर बेतलेली आहे तिच्यामुळे अत्यंत विरळ प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, हे उत्पादक कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात मान्य केल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ती बातमी आली तेव्हा माझ्याकडे चार जण येऊन म्हणाले, "बघा, अण्णा बरोबर होते." मी त्यांना एकच सांगितले, की ती बातमीही परताव्याची यादी आहे, शेजारी खरेदीचा रकाना मांडा. तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंचाही वैद्यकीय संशोधन परिषदेने अभ्यास केला. ४७ रुग्णालयांतील १८ ते ४५ वयाच्या ७२९ मृतांची तुलना इतरांशी केली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लसीमुळे धोका वाढलेला आढळला नाही. वाढलेला आढळला तो ज्यांना पूर्वी कोरोनासाठी दवाखान्यात राहावे लागले होते त्यांच्यात, ज्यांच्या घरात असे मृत्यू आधी झाले होते त्यांच्यात आणि अतिमद्यपान करणाऱ्यांत.

असो. आकड्यांनी आपणांस शिणवले असेल, तर क्षमस्व.

आपल्या ट्रस्टच्या दवाखान्याची नोंदवही पन्नास वर्षांपासून चालू आहे. जुन्या वह्यांत नाव, वय, तक्रार आणि औषध एवढेच चार रकाने असत. मागील वर्षी दवाखाना समितीने त्यात आणखी दोन रकाने घातले : कोणती लस कधी घेतली, आणि रुग्ण मोठ्या दवाखान्यात पाठवला असल्यास पुढे काय झाले. हा दुसरा रकाना भरण्यासाठी घरी जाऊन चौकशी करावी लागते, आणि ते काम कोणी अंगावर घेईना. सध्या ते वहिनी करतात. दर रविवारी सकाळी मंदिरातून परतताना त्या वही घेऊन दोन-तीन घरी जातात. ज्या घरांत वयस्कर मंडळी आहेत त्यांनी लसीच्या तारखा एका कागदावर लिहून ठेवाव्यात, म्हणजे त्यांना थांबावे लागणार नाही, एवढी विनंती त्यांनी माझ्यामार्फत केली आहे.

ती पावती मी फाडलेली नाही. २०२१ च्या रोजमेळात आहे. नावांच्या उजवीकडे पुष्कळ जागा कोरी आहे.

जय जिनेंद्र.